गेन उतरवायला शिकताना

न्यू जर्सीतल्या एका औद्योगिक वसाहतीत, गोदामाच्या अर्ध्या भागात हा वर्ग भरतो. शिकायला आलेले बहुतेक जण फायर अलार्म नाहीतर डेटा केबलिंगच्या कामातले. हात तयार आहेत, रेडिओ मात्र नवा. मोठ्या इमारतीत शिरलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांच्या वॉकीटॉकी आतही चालाव्यात, यासाठी अमेरिकेत जी यंत्रणा लावतात ती कशी बसवायची हे इथे शिकवतात. मी नुसती बघायला गेले होते.

गरज सरळ आहे. काँक्रीट आणि पोलाद रेडिओलहरी अडवतात. ऊर्जा वाचवणाऱ्या नव्या काचांवरचा धातूचा पातळ थर उन्हासोबत लहरीही बाहेर ठेवतो. तळघर आणि जिन्याचा गाभा तर मुकाच. मग गच्चीवर शहराच्या टॉवरकडे तोंड केलेला यागी अँटेना, तिथून खाली केबल, मध्ये दोन्ही दिशांना काम करणारा ॲम्प्लिफायर आणि मजल्यामजल्यावर छताला छोटे अँटेने. 2009 पासून आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेच्या 510व्या कलमात याचे नियम आहेत. ज्या शहरांनी ही संहिता स्वीकारली, तिथे इमारतीत सिग्नल पुरेसा नसेल तर मालकाला पदरचे पैसे घालून ही यंत्रणा बसवावी लागते.

सुरुवात केबल सोलण्यापासून होते, आणि तिथेच बराच वेळ जातो. अर्ध्या इंचाची, तांब्याच्या पन्हळी आवरणाची केबल करवतीने कापायची, काळं कवच उतरवायचं, फोम साफ करायचा, मधल्या तारेची धार घासायची, मग कनेक्टर चढवून टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराइतकाच आवळायचा. तांब्याचा केसभर कीस आत राहिला तरी पुढे दुखणं. प्रशिक्षकाने टांगलेल्या केबलींमध्ये एक जोड मुद्दाम बिघडवून ठेवला होता. विद्यार्थी ॲनलायझर लावतात, पडद्यावरच्या रेषेत उंचवटा किती फुटांवर आहे ते वाचतात आणि मोजपट्टी धरून तिथवर चालत जातात. इलेक्ट्रिशियनची खोड मोडायला हा धडा उत्तम. दिवा लागला म्हणजे जोड बरोबर, हा हिशोब इथे चालत नाही. ढिल्या जोडातूनही सिग्नल जातो, थोडा जातो आणि थोडा उलटा फिरतो.

खरा कस लागतो तो गेन, म्हणजे ॲम्प्लिफायर सिग्नल किती वाढवणार ते, ठरवताना. नवशिक्याला वाटतं, आत सिग्नल कमी पडतोय तर ॲम्प्लिफायर वाढवा. पण आतल्या अँटेन्यातून निघालेला सिग्नल छपरावरच्या यागीत परत शिरला, तर मंडपात माईक स्पीकरसमोर धरल्यावर उठते तशी शिट्टी रेडिओत उठते. म्हणून दोघांमधला अडसर, ज्याला तिथे आयसोलेशन म्हणतात, तो गेनपेक्षा निदान 20 डेसिबलने जास्त ठेवायचा. एका अँटेन्याच्या केबलमध्ये ठरावीक सिग्नल सोडून दुसरीकडे किती पोचतो ते मोजलं. अडसर भरला 82. म्हणजे गेन जास्तीत जास्त 62. कागदावरच्या आराखड्यात होता 75. सगळे नकाशावर वाकले. यागी लिफ्टच्या खोलीमागे नेता येईल का? वरच्या मजल्यावरचा नेमका त्याच्याखाली आलेला अँटेना बाजूला सरकवता येईल का? खालचे अँटेने वाढवून प्रत्येकावरचा भार कमी करता येईल का? यंत्राची कळ फिरवण्याआधी शिडी उचलायची, ही सवय मुरायला वेळ लागतो.

याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. ॲम्प्लिफायर जवानाच्या आवाजासोबत स्वतःची खरखरही टॉवरकडे पाठवतो. गेन जास्त ठेवला की ती खरखर टॉवरच्या कानाशी साचते. अशा दहा सारख्या इमारती झाल्या की ती दहापट, म्हणजे 10 डेसिबलने वाढते. तुमच्या इमारतीत सगळं खणखणीत ऐकू येतं, आणि चार मैलांवरच्या तळघरातला कोणी टॉवरला ऐकूच येत नाही. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटला. वायरिंग चुकलं तर आपलाच फ्यूज उडतो, इथली चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. त्यामुळेच ज्या संस्थेच्या नावावर त्या लहरींचा परवाना आहे तिची संमती लागते, आणि रुंद पट्ट्यावर चालणाऱ्या ‘ब’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरची केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे नोंद करावी लागते.

कामाच्या प्रमुखाकडे रेडिओ ऑपरेटरचा सर्वसाधारण परवानाही मागतात. त्यासाठी 24 आणि 100 प्रश्नांचे दोन पेपर. त्यात जहाजांवरच्या आणि विमानांतल्या रेडिओचे प्रश्न भरपूर. आयुष्यभर खोट्या छतावर रांगणाऱ्या माणसाने समुद्रातल्या संकटसंदेशाची वारंवारता पाठ करावी यात थोडी गंमत आहे.

शेवटी चालणं. प्रत्येक मजल्याचे साधारण 20 सारखे चौकोन पाडायचे, प्रत्येकाच्या मधोमध उभं राहून रेडिओवर बोलायचं आणि ऐकायचं. सिग्नल उणे 95 डीबीएम तरी हवा. शब्द थोडा कान देऊन कळले, क्वचित पुन्हा विचारावे लागले, तर पास. इथे दोन्ही बाजू तपासण्यावर प्रशिक्षकाचा कटाक्ष होता. एकच बाजू चालली तर काय होतं याचं उदाहरण म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटर. तिथे 1993च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. 11 सप्टेंबर 2001 रोजी त्याचं एक बटण दाबलं गेलं, दुसरं राहिलं. उत्तर मनोऱ्याच्या तळमजल्यावरच्या अधिकाऱ्यांना तो बंद वाटला, त्यांनी नाद सोडला. दक्षिण मनोऱ्यात तोच रिपीटर चालत होता. आता नियंत्रण कक्षातल्या फलकावर वीज गेली, बॅटरी उतरली, ॲम्प्लिफायर बिघडला, अँटेना तुटला, यांची वेगवेगळी सूचना दिसावी लागते.

चौकोनांचे आकडे भरलेला नकाशा मालकाकडे राहतो. वर्षभरात चाचणी पुन्हा होते. तोवर कोणा भाडेकरूने भिंत उभारलेली असते, समोर नवा टॉवर उठलेला असतो, नाहीतर आणखी कोणीतरी गेन वाढवून ठेवलेला असतो.