उष्णतेला वाट हवी

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनातील तो प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात असेल. वाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐन रंगात आला असता गिटारचा आवाज प्रथम खरखरला, मग क्षीण झाला आणि अखेरीस बंद पडला. वार्निश करपल्यासारखा वास रंगमंचावर पसरला. गिटार वाजविणारा आमचा माजी विद्यार्थी होता. शिकवण्या करून साठविलेल्या पैशातून त्याने तो ॲम्प्लिफायर घेतला होता. पडदा पडल्यावर तो आम्हांस एवढेच म्हणाला, “सर, आत पंखा तर बसविला होता!”

पंखा होता, ही गोष्ट खरी. मग पेटी तापली कशी? आम्ही भाषा शिकविणारे. हे कोडे एकट्याने सुटण्यासारखे नव्हते. म्हणून विज्ञानशिक्षकांस सोबत घेऊन आम्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे जाऊन बसलो. तेथे जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

हा ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता. आपल्या आजोबांच्या रेडिओत जे काचेचे व्हॉल्व्ह मंद तांबूस उजळत, त्याच जातीचे. 1947 साली ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर रेडिओतून व्हॉल्व्ह हळूहळू नाहीसे झाले. परंतु गिटार वाजविणाऱ्यांनी मात्र ते सोडले नाहीत. जोराने वाजविले असता व्हॉल्व्हमधून निघणाऱ्या नादाला जो भरदारपणा येतो, तो त्यांच्या कानाला रुचतो.

व्हॉल्व्हचे काम उष्णतेवाचून चालत नाही. त्याच्या पोटात कॅथोड नावाचा भाग असतो. तो तापून लाल झाला म्हणजेच त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. 1904 साली फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह घडविला तो याच गुणाच्या आधारे. तेव्हा व्हॉल्व्ह तापतो हा त्याचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म होय. दोष असतो तो ही उष्णता साचू देण्यात.

ही उष्णता किती, याचा हिशोब सोपा आहे. गिटारच्या 50 वॉटच्या ॲम्प्लिफायरमध्ये बहुधा ईएल 34 जातीचे दोन मोठे व्हॉल्व्ह असतात. प्रत्येकाचा कॅथोड तापविण्यास 6.3 व्होल्ट दाबाचा दीड अँपियर प्रवाह, म्हणजे सुमारे साडेनऊ वॉट लागतात. त्याच्या धनपट्टीवर गिटार वाजत नसतानाही सुमारे 17 वॉट खर्च होतात. दोहोंचे मिळून 53 वॉट झाले. लहान तीन व्हॉल्व्हचे सहाएक वॉट त्यांत मिळवा. म्हणजे नुसता चालू ठेवलेला ॲम्प्लिफायर सुमारे 60 वॉट उष्णता सोडीत असतो. ट्रान्सफॉर्मरची ऊब निराळीच. जुन्या 60 वॉटच्या दिव्यास हात लावून पाहिलेल्यांस याचा अर्थ सांगणे नको.

हा ॲम्प्लिफायर रॅकच्या पेटीत ठेवला होता. रॅक म्हणजे 19 इंच रुंदीच्या उपकरणांसाठी केलेली चौकट. तिची उंची ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. प्रवासात उपकरणांस धक्का लागू नये म्हणून चौकटीभोवती लाकडी पेटी असते आणि तिला पुढून व मागून झाकणे असतात. अशा पेटीत 30 लिटर मोकळी हवा असली, तर तिचे वजन जेमतेम 36 ग्रॅम भरते. एवढीशी हवा 60 वॉटची उष्णता किती वेळ पोटात ठेवणार?

येथेच आमच्या विद्यार्थ्याची चूक झाली. रंगमंचावर धूळ लागू नये म्हणून त्याने मागचे झाकण तसेच ठेवले होते. आतील पंखा तीच तापलेली हवा पेटीतल्या पेटीत फिरवीत होता. पंखा हवा थंड करीत नाही, तो केवळ ती हलवितो. बाहेरची हवा आत आणि आतली बाहेर जाईल तेव्हाच त्याचा उपयोग.

आपल्या जुन्या कौलारू घरांच्या स्वयंपाकघराकडे पाहावे. चुलीची ऊब व धूर वर चढून कौलांच्या फटींतून निघून जातात आणि दारातून, खालून गार हवा आत येते. रॅकमध्येही हेच साधावयाचे आहे. पुढच्या बाजूस खाली जाळीची पट्टी बसवून हवेला आत येऊ द्यावे. ॲम्प्लिफायरच्या वर निदान एक यू जागा मोकळी सोडावी आणि मागे, वरच्या अंगाला, हवा बाहेर ओढणारा पंखा लावावा. ऊब स्वभावतःच वर जाते. पंख्याने तिला साहाय्य करावे, विरोध करू नये. वाजविताना दोन्ही झाकणे काढलेली असावीत आणि पाठ भिंतीस वा पडद्यास टेकलेली नसावी.

पंखा फार मोठा लागत नाही. आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 अंशांहून अधिक तापू नये असे ठरविले, तर 60 वॉटसाठी सेकंदाला सुमारे 5 लिटर हवा पुरते. बारा सेंटिमीटर व्यासाचा साधा पंखा मंद गतीनेही तेवढी हवा ओढतो आणि त्याची घरघर गाण्यात मिसळत नाही. मात्र तो पहिल्या लहान व्हॉल्व्हपासून दूर असावा, नाहीतर त्याच्या मोटारीची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. जाळीवरची धूळही वरचेवर झाडावी. कार्यक्रम संपल्यावर पंधरा-वीस मिनिटे झाकणे लावू नयेत.

एवढी काळजी कशासाठी? कारागिराने फुगलेला एक कपॅसिटर आमच्या हातावर ठेवला. आत द्रव असणाऱ्या या कपॅसिटरचे आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. 20 अंशांनी वाढले की पाव उरते. व्हॉल्व्ह आच सोसतो, शेजारी बसलेला कपॅसिटर सोसत नाही. बिघाड त्या रात्री दिसला. त्याची सुरुवात कित्येक महिने आधी झाली होती.

येथे एक ताकीद दिलीच पाहिजे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये 400 व्होल्ट आणि त्याहूनही अधिक दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरांत टिकून राहतो. रॅकची जाळी व पंखा आपण खुशाल बसवावा. ॲम्प्लिफायर उघडण्याचे काम जाणत्या कारागिराचेच.

यंदाच्या संमेलनात तोच ॲम्प्लिफायर पुन्हा वाजला. मध्यंतरात आम्ही रॅकच्या मागे जाऊन हात धरला. ऊबदार हवेची संथ झुळूक हाताला लागली. आमचा विद्यार्थी शेजारी उभा होता. “सर, येते आहे ना बाहेर?” असे त्याने विचारले. येत होती.