रिपोर्टच्या ओळी – लेखांक ६ : प्लेटलेट्सची दहा वर्षांची उतरण

डेंग्यूच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ‘किती झाल्या?’ म्हणून विचारणारी घरं एरवी सीबीसीच्या रिपोर्टवरच्या प्लेटलेट्सच्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. डेंग्यूतली घसरण चार दिवसांची. ताप उतरला की आकडा सहसा आपोआप चढतो. आज ज्या घसरणीबद्दल लिहायचं आहे ती दहा-दहा वर्षं चालते. तिला ताप नसतो, अंगदुखी नसते आणि मुख्य म्हणजे तिचा विचार करणारं घरात कुणी नसतं.

लिव्हर खराब होत चालल्याची ती खूण असू शकते. कारण दारू असो, हिपॅटायटिस बी किंवा सी असो, नाहीतर मधुमेह आणि वाढत्या वजनाबरोबर येणारं फॅटी लिव्हर असो. वर्षानुवर्षं सूज राहिली की लिव्हरमध्ये वणांचे धागे साचतात आणि ते घट्ट होतं. आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येणारं रक्त या घट्ट लिव्हरमधून सहज पुढे जात नाही. कालव्याचं दार अडकलं की पाणी मागच्या शेतात तुंबतं, तसा दाब मागे वाढतो. मागे असते पाणथरी (स्प्लीन). ती फुगते.

एरवीही शरीरातल्या एक तृतीयांश प्लेटलेट्स पाणथरीतच मुक्कामाला असतात. ती खूप फुगली तर हा वाटा नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे प्लेटलेट्स नष्ट झालेल्या नसतात, अडकून पडलेल्या असतात. हातातून काढलेल्या रक्तात मात्र त्या कमी दिसतात. त्यात आणखी एक भर : अस्थिमज्जेला ‘प्लेटलेट्स बनव’ असा निरोप देणारं थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः लिव्हरच तयार करतं. ते हाती लागलं १९९४ साली. लिव्हर थकलं की निरोपही क्षीण होतो.

आता गंमत बघा. एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरच्या एन्झाइम्सचे आकडे नॉर्मल आले की आपण लिव्हर ठणठणीत समजून मोकळे होतो. पण लिव्हर असं घट्ट होऊन सिरॉसिस झालेल्या माणसातही हे आकडे जवळजवळ नॉर्मल असू शकतात. म्हणून डॉक्टर फिब-४ नावाचा हिशेब करतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागायचं. समजा, ४८ वर्षांचा माणूस, एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट्स २ लाख ४० हजार. उत्तर येतं १.१४. फॅटी लिव्हरमध्ये १.३ च्या खाली धोका कमी मानतात. तोच माणूस ५८ व्या वर्षी : एसजीओटी ६२, एसजीपीटी तेवढंच ४९, प्लेटलेट्स १ लाख २० हजार. उत्तर ४.२८. इथे २.६७ च्या वर गेलं की पुढची तपासणी लांबवायची नाही. (पासष्टी ओलांडलेल्यांसाठी खालची रेषा २ धरतात, कारण वयच आकडा फुगवतं.)

माझ्या मते खरी किंमत एका रिपोर्टला नाही, जुन्या रिपोर्टांच्या फाइलला आहे. १ लाख ६० हजार हा आकडा छापील मर्यादेत बसतो, त्याच्यापुढे लॅब ठळक अक्षर टाकत नाही. पण पाच वर्षांपूर्वी तुमचा आकडा २ लाख ८० हजार असेल तर? मधुमेही माणसाने साखरेचे कागद जपावेत तसेच सीबीसीचेही जपावेत. फॅटी लिव्हरला केंद्र सरकारने २०२१ मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं ते उगाच नव्हे.

सिरॉसिसमध्ये पोर्टलचा दाब वाढला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते, जिवावर बेततं. पूर्वी सिरॉसिसच्या सरसकट सगळ्यांना दुर्बिणीची तपासणी सांगत. २०१५ मध्ये बावेनो परिषदेच्या तज्ज्ञांनी सांगितलं : लिव्हरचा घट्टपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा २० किलोपास्कलच्या खाली आणि प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर असतील, तर ती दुर्बीण तूर्त टाळता येते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. ‘ऐंशी हजारच आहेत, म्हणून रक्त पडलं’ असं नातेवाईक म्हणतात आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. शीर फुटते ती दाबामुळे. त्यावर प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉलसारख्या गोळ्या असतात, शिरांना रबरी कडी घालतात. रसाने पाणथरी लहान होत नाही.

रिपोर्टवर प्लेटलेट्सच्या ओळीखालचं एमपीव्ही म्हणजे प्लेटलेटचं सरासरी आकारमान. मधुमेहाच्या गुंतागुंतीत ते वाढलेलं आढळतं, असं अनेक अभ्यास म्हणतात. पण रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातलेल्या नळीत रक्त तासभर पडून राहिलं तरी प्लेटलेट्स फुगू लागतात, आणि यंत्रागणिक मोजणीही बदलते. एकट्यादुकट्या रुग्णाने त्यावरून झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

आणि आकडा अचानक खूपच कमी आला, माणूस धडधाकट, तर आधी काचपट्टीवरची तपासणी सांगा. काहींच्या प्लेटलेट्स ईडीटीएमध्ये गुठळ्या करतात, यंत्र त्या मोजतच नाही. मग सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. त्यातल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात.

(पुढील लेखांक : ईएसआर)