नैसर्गिक दंतमंजनाची पारख

कुंडलिकेच्या काठी वसलेल्या जुन्या जालन्यातील एखाद्या किराणा दुकानात दृष्टी टाकली, तर कडुनिंब, बाभूळ, लवंग, कोळसा अशा नावांची मंजने व पेस्ट शेजारीशेजारी मांडलेली दिसतात, आणि जे नैसर्गिक ते निर्धोकच असणार, असे गिऱ्हाईक सहज गृहीत धरते.

हा समज मिश्रीपुढे टिकत नाही. कारण तंबाखू भाजून केलेली ही भुकटी वनस्पतिजन्य असूनही तिच्यातील निकोटीन हिरड्यांतून रक्तात शिरून व्यसन जडवते, तंबाखूतील इतर विषारी द्रव्ये मुखकर्करोगास कारण होतात, आणि म्हणूनच १९९२ साली केंद्र सरकारने तंबाखूयुक्त मंजने व पेस्ट यांना कायद्याने मनाई केली.

मंजनाची पारख करायची तर दात कसा किडतो हे आधी जाणावे : साखरेवर पोसणारे जिवाणू आम्ल निर्माण करतात, ते आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळवते, आणि लाळ ते क्षार हळूहळू परत आणून देते, फ्लोराइड या परतफेडीस साहाय्य करून कवच बळकट करते.

भरड कोळसा वा विटेची पूड यांची गोष्ट निराळी. पितळेचे भांडे खरखरीत वाळूने घासले असता डागाबरोबर धातूही झिजावा, त्याप्रमाणे कवच झिजते, आणि झिजलेले कवच शरीर पुन्हा घडवीत नाही.

म्हणून वेष्टनावरील घटकांचा तपशील वाचावा; तपशीलच नसलेले मंजन नाकारावे; दशलक्ष भागांत १००० भागांच्या कायदेशीर मर्यादेतील फ्लोराइडला भिऊ नये, मात्र मुलांना पेस्ट थोडीच द्यावी व ती थुंकण्यास शिकवावे.