खासबागेतली मोठी कुस्ती कुठली?

“युवराज-सतपाल. विषय संपला,” असं म्हणून एकानं चहाचा ग्लास खाली ठेवला की ओळखायचं, आता तासभर कुणी घरी जात नाही. कोल्हापुरात खासबाग मैदानाच्या आसपास, खाऊ गल्लीच्या तोंडाशी किंवा एखाद्या तालमीच्या दारात संध्याकाळी चार पिकल्या मिशा जमल्या की हा वाद निघतो. आधी थोडी खडाखडी होते, कोण काय म्हणतंय याचा अंदाज घेतला जातो आणि मग कुणीतरी थेट पटात घुसतो.

“आरं, बेळगावची बिराजदारांची कुस्ती बघितलीस काय तू?”

“तू बघितलीस?”

“म्या न्हाई, पर आमच्या थोरल्यानं बघितली.”

कुस्तीच्या इतिहासात ‘थोरल्यानं बघितली’ हा पुरावाच आहे. मातीतल्या कुस्तीत ना गुणफलक, ना मिनिटामिनिटाची नोंद. पाठ लागली की कुस्ती झाली, आणि त्यानंतर ती राहते ती बोलण्यात. म्हणून पन्नास वर्षांनीही तो डाव उजव्या बाजूनं बसला की डाव्या, यावर दोन सत्तरीचे गृहस्थ एकमेकांची मनगटं धरून प्रात्यक्षिक दाखवतात.

सतपाल हे नाव या वादात सारखं का येतं, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. सतपाल दिल्लीचा, गुरू हनुमानांच्या आखाड्यातला. सत्तरच्या दशकात तो देशभरची मैदानं मारत फिरत होता. १९७६ साली खासबागेत युवराज पाटलांनी त्याला हरवलं. १९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला पाडलं. युवराज मोतीबाग तालमीचे, १९७४ चे महाराष्ट्र केसरी. बिराजदार मूळचे लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे, पण घडले कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. म्हणजे वर्षभराच्या अंतरानं कोल्हापूरच्या दोन तालमींनी एकाच मल्लाला दोनदा माती दाखवली. मोतीबागवाले आणि गंगावेशवाले आजही यातली मोठी कुठली म्हणून भांडतात, त्याचं मूळ इथं आहे. युवराजच्या बाजूचे म्हणतात, पहिलं पाडणं ते पाडणं. बिराजदारांच्या बाजूचे म्हणतात, एकदा हरलेला पैलवान दुसऱ्यांदा जास्त सावध असतो, जास्त चिडलेला असतो, त्याला पाडणं अवघड.

मला यात एक वेगळीच गोष्ट दिसते. १९७७ नंतर सतपाल संपला असता, तर या दोन्ही कुस्त्या आज इतक्या मोठ्या राहिल्या असत्या का? तो संपला नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक घेतलं, पुढच्या वर्षी पद्मश्री मिळाली, आणि पुढं त्याच्याच हाताखाली सुशीलकुमार तयार झाला. सतपाल जसजसा मोठा होत गेला, तसतशी खासबागेतली आणि बेळगावातली ती कुस्तीही मागे वळून मोठी होत गेली. कुस्तीत निम्मा मोठेपणा समोरच्याचा असतो. जोड तोलामोलाची नसेल, तर गदा मिळते, आठवण राहत नाही.

“आणि दादू?” असं विचारणारा एक जण प्रत्येक कट्ट्यावर असतोच. त्याचंही बरोबर आहे. दादू चौगुले, राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे. १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७३ साली रुस्तम-ए-हिंद आणि महान भारत केसरी, १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. एवढा पल्ला असलेल्या मल्लाच्या नावावर ‘ती’ एक कुस्ती चटकन सांगता येत नाही, हीच त्यांची अडचण. सगळीच मोठी असली की एकही मोठी ठरत नाही. अशा वादांत सातत्याला नेहमीच कमी मतं पडतात.

वाद इथं आला की मी मुद्दाम मागे जातो, पार १९१२ सालापर्यंत. तेव्हा समोरचे गप्प बसतात, कारण ते कुणाच्या थोरल्यानंही बघितलेलं नसतं.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल प्रेक्षागार पाहिलं. तसं आपल्याकडं कुस्तीसाठी असावं हे त्यांच्या मनात बसलं आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. उभं राहिलं म्हणण्यापेक्षा खाली गेलं म्हणायला हवं, कारण त्याची सगळी करामत खोलीत आहे. मधोमध हौदा आणि भोवती बशीसारखा उतार. तीसेक हजार माणूस बसला तरी पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. मल्लाच्या पाठीला लागलेली माती अगदी वरच्या माणसालाही दिसते. निकाल पंचाच्या आधी प्रेक्षकाला कळावा अशी ती रचना आहे, आणि म्हणूनच इथला प्रेक्षक इतका वाद घालतो, असं माझं मत आहे.

त्या मैदानातली पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष हा गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षं आधी, १९१० साली, तो लंडनला जाऊन स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडून आला होता. खासबागेतली कुस्तीही त्यानंच मारली. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या दोघांतला एकही कोल्हापूरचा नव्हता. महाराजांनी एवढं मोठं मैदान बांधलं आणि पहिला मान बाहेरच्यांना दिला. आपल्या पोरांनी आधी बघावं, मग शिकावं, मग लढावं, असा तो हिशेब असावा. हिशेब चुकला नाही. १९१२ साली पाहुण्यांची कुस्ती बघणाऱ्या गावात १९७६ साली पाहुण्याला पाडणारा तयार झाला होता. मधली चौसष्ट वर्षं लाल मातीत गेली. तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली माती, पहाटेच्या जोर-बैठका आणि वस्तादाच्या शिव्या.

मधल्या त्या वर्षांतलीही नावं कमी नाहीत. १९५९ साली दिल्लीत पहिला हिंदकेसरी झाला तो शाहूपुरी तालमीचा श्रीपती खंचनाळे, समोर पंजाबचा बंतासिंग. खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे आज कर्नाटकात गेलेल्या भागातले, पण कोल्हापूरकर त्यांना परका म्हणणाऱ्याशी बोलणार नाहीत. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकरांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य घेतलं, कवठेपिरानच्या मारुती मानेंनी नेमकं उलट केलं, फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावायला बंदी. पट काढणं, टांग मारणं हे ज्यांच्या रक्तात, त्या मातीतल्या माणसांनी ती बंदी पाळून पदकं आणली. हे जकार्तात घडलं म्हणून कट्ट्यावरच्या यादीत ते खाली जातं. खासबागेत घडलं असतं तर त्यावर पोवाडे झाले असते.

आंदळकर नंतर मोतीबागेचे वस्ताद झाले आणि दादू चौगुले त्यांच्याच हाताखाली घडले. वस्तादाची कुस्ती मोठी की शिष्याची, हा वाद मात्र कुणी काढत नाही. तेवढी मर्यादा आहे.

अलीकडच्या काळाकडं आलं की आवाज खाली येतो. दादूंचा मुलगा विनोद २००० साली महाराष्ट्र केसरी झाला, आणि त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याला ती गदा थेट २०२२ साली साताऱ्यात मिळाली. पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याच्या पृथ्वीराज पाटलानं विशाल बनकरला ५-४ असं हरवलं. मधली एकवीस वर्षं कोल्हापूर दुसऱ्यांच्या मिरवणुका बघत होतं. पृथ्वीराज घडला लष्कराच्या क्रीडा संस्थेत, मॅटवर. म्हणून काही जुनी मंडळी त्या गदेलाही नाक मुरडतात. मला ते पटत नाही. इमामबक्षसुद्धा बाहेर शिकूनच इथं आला होता.

मॅटनं वादाची जातही बदलली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाड आणि गंगावेशचा सिकंदर शेख यांच्या लढतीत महेंद्रच्या एका बाहेरच्या टांगेला चार गुण दिले, आणि सगळा महाराष्ट्र मोबाइलवर तोच डाव हळू करून बघत बसला. पाठ कितपत वळली, अंग कुठल्या कोनात होतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सिकंदरनं फुलगावला महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली तेव्हा वाद जरा शमला. पूर्वी आठवणीवर भांडायचे, आता चित्रफितीवर भांडतात. पुरावा हातात आला म्हणून भांडण कमी झालं, असं काही दिसलं नाही. त्याच २०२३ साली सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. कट्ट्यावर हे नाव काढलं की सगळे मान डोलवतात आणि पुन्हा सतपालवर येतात.

माझं मत मी शेवटी सांगतो, कारण ते कुणाला आवडत नाही.

१९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा पैसे नव्हते. चार वर्षांपूर्वी लंडनला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती, पण मधल्या काळात संस्थानच विलीन झालं होतं. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा गेले, जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांहून अधिक झुंजून हरले, आणि लगेच, श्वासही न घेता, सोव्हिएत रशियाच्या मल्लासमोर उभे राहिले. विश्रांतीसाठी भांडायला आपला कुणी अधिकारी तिथं नव्हता. कांस्यपदक मिळालं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, दुसऱ्यासाठी १९९६ पर्यंत थांबावं लागलं. कराडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सगळ्यांना पाठ आहे.

पण पुढचं कमी जण सांगतात. परत आल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या धरल्या, स्वतः हौद्यात उतरले, आणि इनामाची रक्कम खर्डेकरांच्या घरासाठी दिली. ऑलिम्पिकचं पदक घरी ठेवून तो माणूस गहाण सोडवायला लांग घालून उभा राहिला. माझ्या लेखी कोल्हापूरच्या मातीतली सगळ्यात मोठी कुस्ती तीच.

“बरं, मग जोड कोण होता?” कट्ट्यावर हमखास विचारलं जातं.

मी नाव सांगत नाही. मग कुणीतरी हसतं, कुणी माझ्या ग्लासात उरलेला चहा ओततं, आणि मोतीबागवाला खुर्ची पुढं ओढून म्हणतो, “तर मर्दा, सतपालची ती कुस्ती…”