तबकडी रद्दीत देण्याआधी

गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत माळ्यावर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या गाण्याच्या तबकड्या अजून सापडतात. १० इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. गवयाला तेवढ्यात राग उभा करावा लागे. १९४८मध्ये अमेरिकेत एलपी तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. १९८२च्या सीडीत आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात.

आता गाणी संगणकावर फाइल म्हणून ऐकता येतात, ही सोय मोठीच आहे. पण लेबलावरचा राग, गायकाचं नाव, तबकडीचा क्रमांक फाइलमध्ये अनेकदा गळतात, आणि जुन्या गाण्याचा काळ ठरवायला नेमके तेच लागतात. म्हणून मूळ तबकडीला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. तबकड्या विकणारं मुंबईतल्या काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ हे दुकान २०१६मध्ये बंद झालं. पण तबकड्या जपणाऱ्या संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था त्याआधीच, १९९०मध्ये, मुंबईतच सुरू झाली होती.

७८ची तबकडी बहुधा लाखेची असते. स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. तबकड्या उभ्या ठेवा, पावसाळ्यात बुरशीपासून जपा. डिजिटल प्रत जरूर करून घ्या, पण मूळ तबकडी रद्दीवाल्याला देऊ नका.