लेक खेळते, कॉलेज कोणतं घ्यायचं?

बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. लेक शाळेत कबड्डी किंवा खो-खो खेळली, जिल्ह्यापर्यंत गेली. आता एका कॉलेजचे सर घरी येऊन गेले. म्हणाले, "आमच्याकडे पाठवा, बाकी आम्ही बघतो." हे "बाकी" म्हणजे नक्की काय, ते आज आपण बघू.

आधी हे सर येतात कुठून? शाळेच्या स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. तालुका, मग जिल्हा, विभाग आणि राज्य अशी चढण असते. मैदानाच्या कडेला कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक उभे असतात. चांगली पोर दिसली की तिच्या शाळेतल्या सरांना गाठतात. सगळ्याच पोरी त्यांच्या नजरेला पडत नाहीत. आपला जिल्हा राज्यात सगळ्यात मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या नाहीतर जामखेडच्या वाडीवरची पोर कुणाला दिसणार? कुणी आलं नाही तर आपणच जायचं. निकालाच्या आधीच एप्रिल-मे महिन्यात प्रमाणपत्रं घेऊन कॉलेजच्या जिमखान्यात जा, सरांना भेटा, "निवड चाचणी कधी आहे?" एवढं विचारा. त्यात लाजायचं काही नाही.

आता पैशाचं. आपल्या गावाकडच्या बहुतेक कॉलेजांत खेळासाठी वेगळी शिष्यवृत्ती नसते. मिळतं ते असं: संघाचा गणवेश, स्पर्धेला जायचा प्रवासखर्च आणि भत्ता, कुठे वसतिगृहात जागा, कुठे फीचे हप्ते. अमेरिकेतही असंच आहे. तिथे चारशेहून जास्त लहान कॉलेजं अशी आहेत, जी खेळासाठी एक पैशाची शिष्यवृत्ती देत नाहीत. बास्केटबॉलचे प्रशिक्षक मुलींना शोधतात, बोलावतात. पण फीला मदत मिळते ती मार्क आणि घरचं उत्पन्न बघून. आपल्याकडेही फीचा मार्ग खेळातून नाही, कागदांतून जातो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला वेळेत काढा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४ पासून माफ आहे. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत "कमवा आणि शिका" योजना असते, तिथे कामाच्या तासांवर मानधन मिळतं. मात्र सरावाच्या वेळेत ते काम बसेल का, हे आधी विचारा.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की कॉलेज निवडताना एक गोष्ट डोळ्यांसमोर धरा. उद्या गुडघा दुखावला, संघातून नाव गेलं, तर पोरगी याच कॉलेजात शिकत राहील का? तिला हवा तो विषय तिथे आहे का? नसेल, तर सर कितीही गोड बोलोत, तिथे घालू नका. खेळ थांबला म्हणून पोर घरी बसली, की लग्नाची बोलणी सुरू व्हायला किती दिवस लागतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

दुसरी गोष्ट जाण्यायेण्याची, आणि खरी गाठ इथेच बसते. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना एसटीचा पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेचा. पुढे सवलतीचा पास काढावा लागतो. त्यात सराव पहाटे नाहीतर संध्याकाळी. साडेसहाला सराव सुटला आणि गावची शेवटची गाडी सहाला असली, तर महिनाभरात घरातूनच "पुरे झालं खेळणं" असा आवाज निघतो. तेव्हा प्रवेश घेण्याआधी एकदा स्वतः त्या वेळेला स्टँडवर उभ्या राहून या. गाडी नसेल तर वसतिगृहाचं बोला. जागा नक्की आहे का, जेवणाचे किती, सुट्टीत बंद असतं का? मुख्य म्हणजे जे कबूल केलं ते प्राचार्यांच्या सहीने कागदावर मागा. सरांची बदली झाली की तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातो.

बाहेरगावच्या स्पर्धेला संघाबरोबर बाई कोण असतात, मुक्काम कुठे असतो, हेही विचारा. प्रत्येक कॉलेजात मुलींच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर असतात, पोरीला ती वाचून यायला सांगा. विचारल्यावर जे सर रागावतात, तिथे आम्ही तरी लेक पाठवणार नाही.

कॉलेजात खेळाची वाट कशी जाते? आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग आपल्या अहिल्यानगर विभागाचा संघ, आंतरविभागीय सामने, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि पुढे विद्यापीठा-विद्यापीठांमधल्या स्पर्धा. संघात घ्यायचं तर ती त्या कॉलेजची नियमित विद्यार्थिनी हवी. हजेरी आणि परीक्षा दोन्ही लागतात.

ज्यांच्या मुली अजून दहावी-बारावीला आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवा. ठरलेल्या स्तरावर खेळलेल्यांना बोर्डाच्या परीक्षेत २५ पर्यंत वाढीव गुण मिळू शकतात, पण ते आपोआप येत नाहीत. शाळेने जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. शाळेत जाऊन "प्रस्ताव गेला का?" असं विचाराच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तिथेही प्रमाणपत्राची पडताळणी होते आणि प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं असं नाही. कोणतं चालतं, ते नगरला वाडिया पार्कच्या क्रीडा कार्यालयात समजेल.

प्रमाणपत्रं पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवू नका. प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये सरळ ठेवा, दोन-दोन झेरॉक्स काढा. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, ते आजच बघा. चूक असेल तर शाळा सोडण्याआधी दुरुस्त करून घेणं सोपं जातं.