मण्याएवढा सेन्सर आणि हवेचं वजन

होंडाने १९९९ मध्ये आणलेल्या एस२००० या दोन आसनी स्पोर्ट्स कारचं इंजिन जेमतेम २ लिटरचं, पण ते मिनिटाला ९००० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना चारही सिलिंडर एकेकदा हवा ओढतात. म्हणजे त्या वेगाला सेकंदाला सुमारे १५० लिटर हवा! या वादळात पेट्रोल किती फवारायचं, हे संगणकाने प्रत्येक वेळी नेमकं ठरवायचं असतं.

आणि गंमत म्हणजे, आत येणारी हवा थेट मोजणारं काहीच या गाडीत नाही. हवा चारही सिलिंडरांत वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब, इंजिनाचा वेग आणि हवेचं तापमान, एवढ्यावरून संगणक हवेचं वजन काढतो. शाळेत शिकलेला वायूंचा नियमच तो! ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली, की त्याच दाबाला त्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी हवा मावते.

तापमान सांगतो थर्मिस्टरचा इवलासा मणी. तो तापला की त्याचा विद्युतरोध घटतो. सुरुवातीच्या एस२०००मध्ये हा सेन्सर मॅनिफोल्डवरच बसवलेला आहे. गाडी सिग्नलला थांबली की इंजिनाच्या उष्णतेने मॅनिफोल्ड तापतो, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याला टेकून बसलेल्या माणसासारखा सेन्सरही असतो त्यापेक्षा जास्त उकाडा सांगू लागतो. संगणक इंधन कमी करतो, ठिणगी उशिरा पाडतो. गाडी सुस्तावते. म्हणून हौशी मालक सेन्सर काढून थ्रॉटलच्या, म्हणजे हवेच्या झडपेच्या, अलीकडच्या, थंड नळीत बसवतात.

पण हवेची चाल बघा. इंजिन नुसतं चालू असताना हवा मॅनिफोल्डमधून रेंगाळत जाते आणि खरोखरच तापते, म्हणजे सेन्सर तेव्हा पुरता चुकत नसतो. उलट पूर्ण थ्रॉटलला ती इतक्या वेगाने जाते की धातूला तिला फारसं तापवायला सवडच मिळत नाही, आणि तोच वारा लवकरच सेन्सरलाही थंड करतो. ताकद हवी असते नेमकी तेव्हाच चूक सर्वांत कमी!

सेन्सर हलवला तर गरम मॅनिफोल्डची खबरच संगणकाला लागत नाही. तो हवा थंड समजून ठिणगी लवकर पाडतो. ११:१ दाबगुणोत्तराच्या इंजिनात हे नॉकिंगला, म्हणजे इंधन अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना, आमंत्रण. शिवाय कारखान्यातल्या अभियंत्यांनी इंधनाची कोष्टकं मांडली ती सेन्सर मूळ जागी धरूनच.

टर्बो बसवला की मात्र हिशेब बदलतो. दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला निववतो, आणि किती निववलं हे पटकन कळायलाच हवं. तिथे इंटरकूलरनंतरच्या नळीत चपळ सेन्सर बसवून संगणक नव्याने ट्यून करणं सार्थकी लागतं. मूळ इंजिनाच्या गाडीत मात्र सेन्सर आहे तिथेच राहू द्या.